मजकुरातला रोलप्ले कोठे सुरू करावा: मड, ग्राफिकल गेम की डिस्कॉर्ड?

एखादे पात्र घ्यावे, त्याचे बोलणे-वागणे टाइप करावे आणि इतर खेळाडूंच्या साथीने कथा पुढे न्यावी, अशी इच्छा असलेल्या माणसापुढे आज ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली वाट मड किंवा मश या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, संपूर्णपणे मजकुरावर चालणाऱ्या जगांची. दुसरी ग्राफिकल ऑनलाइन गेममधल्या चॅटची. आणि तिसरी डिस्कॉर्डसारख्या गट-चॅटच्या ॲपवर सवडीने लिहिल्या जाणाऱ्या रोलप्लेची. निवड करताना बहुतेक जण गेमचे विश्व, त्यातली चित्रे, खर्च आणि खेळाडूंची वर्दळ पाहतात. हे सगळे पाहावेच, परंतु माझ्या मते त्याआधी तेथील शिष्टाचार पाहावा. रोलप्लेमध्ये आपले वाक्य दुसऱ्याच्या वाक्याच्या आधाराने उभे राहते, आणि जी कृती एका ठिकाणी कौतुकास पात्र ठरते तीच दुसऱ्या ठिकाणी उद्धटपणाची मानली जाते. ज्याला आपल्या स्वभावाला न पेलणारे संकेत असलेली जागा मिळते, तो काही आठवड्यांतच रोलप्ले सोडून देतो आणि दोष मात्र रोलप्लेला लावतो.

तिन्ही ठिकाणी मूळ नियम एकच आहे. आपल्या पात्राने काय केले, किंवा काय करायचा प्रयत्न केला, हे आपण लिहावे. त्याचा दुसऱ्याच्या पात्रावर काय परिणाम झाला, हे त्या दुसऱ्याला लिहू द्यावे. फरक पडतो तो हा नियम कोण राखतो यात. मडमध्ये त्याचा बराचसा भार प्रोग्रामवर असतो, ग्राफिकल गेममध्ये तो खेळाडूंच्या आपसांतल्या समजुतीवर असतो, आणि डिस्कॉर्डवर आधी ठरवलेल्या अटी व मागे राहणारी लेखी नोंद यांवर असतो. पुढची सगळी तुलना या एका फरकातून निघते.

तिन्ही जागांची घडण

मडची परंपरा सर्वांत जुनी आहे. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी पहिल्या मडचे काम सुरू केले आणि रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे नेले. त्यात खजिना, कोडी आणि लढाई यांना महत्त्व होते. १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस यांनी तयार केलेल्या टायनीमडने गुण आणि चढती पातळी बाजूला ठेवून गप्पांना आणि नवनव्या जागा बांधण्याला वाव दिला, आणि त्याच घराण्यातून पुढे मश हा प्रकार आला. मशमध्ये पात्राचे बोलणे, त्याची हालचाल आणि आजूबाजूचे वर्णन यांसाठी वेगवेगळ्या आज्ञा असतात. खेळाडू खोलीत येतो, खोलीचे वर्णन वाचतो, तेथे कोण आहे ते पाहतो आणि लिहू लागतो. चित्र नसल्यामुळे सर्वांच्या डोळ्यांसमोरचे जग एकाच मजकुरातून उभे राहते, आणि हा समान पाया इतर दोन ठिकाणी एवढा भक्कम क्वचितच आढळतो.

ग्राफिकल गेममध्ये रोलप्ले हा मूळ खेळाच्या शेजारी चालतो. २००४ साली सुरू झालेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये रोलप्लेसाठी वेगळे रेल्म, म्हणजे वेगळे सर्व्हर, ठेवले गेले, तर फायनल फँटसी चौदामध्ये खेळाडूला आपल्या नावाशेजारी रोलप्ले करत असल्याचे चिन्ह लावता येते. सेकंड लाइफ या आभासी जगात साधे बोलणे वीस मीटरपर्यंत ऐकू जाते आणि ओरडणे शंभर मीटरपर्यंत, त्यामुळे कोठे उभे राहून बोलावे हाही तेथे शिष्टाचाराचा भाग होतो. ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतला सॅन अँड्रियास हा गेम अनेकांना मिळून खेळू देणाऱ्या सॅन अँड्रियास मल्टिप्लेअरच्या मजकूरप्रधान सर्व्हरांवर तर कृतीसाठी एक आणि परिस्थितीच्या वर्णनासाठी दुसरी, अशा दोन आज्ञांची शिस्तच तयार झाली. तिच्याविषयी पुढे लिहितो.

डिस्कॉर्ड २०१५ साली सुरू झाले. तेथे जग, नकाशा किंवा लढाईची यंत्रणा काहीच आयते मिळत नाही. एक चॅनेल म्हणजे एक जागा, असे मानून लोक लिहितात, आणि टपरबॉक्ससारख्या बॉटच्या, म्हणजे चॅटमध्ये आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामच्या, मदतीने संदेश पात्राच्या नावाने व चित्रासह दिसतो. अनेक गेमचे गट खेळाच्या बाहेरची कथा येथेच पुढे नेतात.

प्रयत्न आणि परिणाम

नवा खेळाडू सर्वांत जास्त येथेच अडखळतो, म्हणून एक प्रसंग जवळून पाहू. बाजारपेठेत एक चोर आहे आणि एक व्यापारी. चोराचा खेळाडू असे लिहू शकतो: ‘गर्दीचा आधार घेत चोर व्यापाऱ्याच्या मागे येऊन उभा राहतो आणि कमरेच्या थैलीची गाठ बोटांनी चाचपतो.’ किंवा तो असे लिहू शकतो: ‘चोर थैली लांबवतो आणि व्यापाऱ्याला काही कळण्याआधी गल्लीत दिसेनासा होतो.’ दुसऱ्या वाक्यात व्यापाऱ्याच्या खेळाडूचे निदान तीन निर्णय परस्पर घेतले गेले आहेत: थैलीची गाठ सैल होती, त्यात नेण्याजोगे काही होते, आणि व्यापारी बेसावध होता. पहिल्या वाक्याने मात्र त्याला वाव दिला. तो थैली जाऊ देईल, मनगट पकडेल, थैली दगडांनी भरलेली निघाली असे लिहील, किंवा ओढ जाणवताच शेजारच्या निरपराध माणसाची गचांडी धरेल. आणि हा शेवटचा पर्याय चोराच्या खेळाडूला स्वतःहून सुचलाही नसता.

दुसऱ्याच्या पात्राचे परिणाम आपण लिहिणे याला खेळाडू गॉडमॉडिंग म्हणतात. त्याची उलट बाजूही तितकीच त्रासदायक असते. प्रत्येक वार चुकवणारे, कधी न फसणारे, कोणाच्याही बोलण्याने न विचलित होणारे पात्र समोरच्याचे प्रत्येक वाक्य वाया घालवते. परिणाम लिहिण्याचा हक्क आपल्याकडे आला म्हणजे तो नेहमी आपल्याच सोयीने वापरायचा नसतो. अधूनमधून हरणे ही येथे सौजन्याची मोठी खूण आहे.

आता हाच प्रसंग तिन्ही ठिकाणी कसा हाताळला जातो ते पाहू. लढाई-कौशल्यांची यंत्रणा असलेल्या मडमध्ये चोरीची आज्ञा असते. प्रोग्राम दोघांची कौशल्ये ताडून निकाल देतो आणि वाद तेथेच मिटतो. ज्याला वाटाघाटीचा कंटाळा आहे, त्याला हे फार सोयीचे. मात्र प्रोग्रामने परवानगी दिली म्हणून कृती सभ्य ठरत नाही. एकही ओळ न लिहिता नुसती आज्ञा देऊन थैली उचलणारा खेळाडू कोणताही तांत्रिक नियम मोडत नाही, तरी तेथील जुने खेळाडू त्याच्याबरोबर पुन्हा खेळायला नाखूश असतात, कारण व्यापाऱ्याच्या खेळाडूला त्याने प्रसंगच दिला नाही. आधी लिहावे, समोरच्याला एक ओळ लिहिण्याइतका अवधी द्यावा आणि मग आज्ञा द्यावी, हा येथील संकेत आहे. त्याचप्रमाणे प्रोग्रामच्या लेखी आपले पात्र जखमी असेल, तर वर्णनात ते ताठ मानेने चालताना दाखवू नये.

मजकुराच्या जगात दुसऱ्याच्या पात्राचा ताबा घेणे किती गंभीर असते, हे १९९३ साली लॅम्डामू या जगात दिसून आले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी चालवलेल्या या जगात एका खेळाडूने छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावे अशा लैंगिक आणि हिंसक कृती सर्वांसमोर दाखवल्या, ज्या त्या खेळाडूंनी लिहिल्याच नव्हत्या. ज्यांच्या पात्रांबाबत हे घडले त्यांना झालेला मनस्ताप खरा होता. त्यावरून तेथे मोठी चर्चा झाली, तो खेळाडू बाहेर गेला, आणि पुढे रहिवाशांना अर्ज व मतदान यांद्वारे नियम ठरवण्याची सोय करण्यात आली. अनेक मश सर्व्हरांवर बिननावी वर्णन कोणी लिहिले हे दाखवणारी सोय असते. ती का हवी, हे या घटनेवरून कळते. ‘हा तर नुसता मजकूर आहे’ असे म्हणणाऱ्याने रोलप्लेच्या कोणत्याही वाटेला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ग्राफिकल गेममध्ये चित्त थोडे गोंधळते. पडद्यावरची आकृती निश्चल उभी असते आणि चॅटमध्ये लिहिलेले असते की ती गुडघे टेकून रडत आहे. येथे चॅटला खरे मानायचे, हा संकेत सर्वमान्य आहे. परंतु चोरीचा निकाल लावणारे कोणी नसते, कारण गेमची यंत्रणा राक्षस मारण्यासाठी आहे, थैली लांबवण्यासाठी नाही. म्हणून काही गट फासे वापरतात; वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये रोल या आज्ञेने एक ते शंभर यांमधला आकडा सर्वांसमोर येतो. येथे शिष्टाचार असा की कोणत्या आकड्याला काय घडेल ते आकडा पडण्याआधी ठरावे, आणि आकडा विरुद्ध गेला तर सबब न सांगता तो लिहून टाकावा. सॅन अँड्रियासच्या सर्व्हरांवरची पद्धत मला अधिक आवडते. तेथे एका आज्ञेने ‘खिसे चाचपतो’ असे लिहायचे आणि दुसऱ्या आज्ञेने ‘खिशात काही सापडेल का?’ असे विचारायचे. ज्याचा खिसा आहे त्याने खरे उत्तर द्यायचे. उत्तरात खोटे बोलणे हे तेथे शिक्षेस पात्र मानले जाते. पात्राने हवे तितके खोटे बोलावे, पण पात्रामागच्या खेळाडूने वस्तुस्थितीबाबत खोटे बोलू नये, ही भेदरेषा या दोन आज्ञांनी इतकी स्वच्छ आखली आहे की नवख्यालाही ती लगेच समजते.

डिस्कॉर्डवर वेगळीच अडचण येते. उत्तराला कधी काही तास, कधी काही दिवस लागतात, आणि परिणाम सोडून देण्याचा नियम शब्दशः पाळला तर दार ठोठावणे, दार उघडणे आणि आत येणे एवढ्यातच आठवडा जातो. म्हणून येथील अनुभवी लेखक शक्यता मांडून ठेवतात: ‘दार उघडले तर ती आत येऊन शेकोटीजवळ बसते, कोणी उघडले नाही तर फटीतून चिठ्ठी सरकवून परत फिरते.’ समोरच्याचा हक्क शाबूत राहतो आणि कथा अडत नाही. याखेरीज किरकोळ हालचालींची मुभा दोघे आधीच एकमेकांना देतात, उदाहरणार्थ ‘दोघे बोलत बोलत नदीपर्यंत आले’ एवढे कोणीही लिहावे, पण जखम, निर्णय, भावना आणि संवाद ज्याचे त्याने. म्हणजे नियम येथे सैल दिसतो, पण त्यामागचा करार इतर दोन ठिकाणांपेक्षा अधिक स्पष्ट शब्दांत झालेला असतो. आणखी एक गोष्ट फक्त येथेच लागू पडते: पाठवलेला संदेश नंतर बदलता येतो. शुद्धलेखन सुधारावे, परंतु समोरच्याने उत्तर दिल्यावर आपल्या पात्राने केलेली कृती मागे जाऊन बदलू नये. तसे करायचेच असेल तर विचारून, आणि त्यालाही आपले उत्तर बदलण्याची संधी देऊन करावे.

वेळ, लांबी आणि पाळी

मड आणि ग्राफिकल गेम या दोन्ही ठिकाणी लोक त्याच क्षणी पडद्यासमोर बसलेले असतात, परंतु दोन्हींचा वेग एक नसतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका संदेशात २५५ अक्षरांपलीकडे लिहिता येत नाही. म्हणून तेथे वाक्ये आटोपशीर असतात, उत्तर लवकर अपेक्षित असते, आणि मोठे वर्णन तुकड्यांत पाठवायचे असल्यास पुढे आणखी मजकूर येत असल्याची खूण शेवटी ठेवणे सभ्यपणाचे मानतात, नाहीतर समोरचा मध्येच बोलू लागतो. मशमध्ये एकेका पाळीला पूर्ण परिच्छेद लिहिण्याची रीत आहे आणि पाच-दहा मिनिटे थांबण्याचे कोणाला फारसे वाटत नाही. खोलीत दोघे-तिघे असतील तर ठरलेल्या क्रमाने लिहायचे. गर्दी असेल तर आपल्यानंतर तिघांचे लिहून झाल्यावर आपण पुन्हा लिहायला मोकळे, हा तेथील जुना आणि अतिशय समंजस नियम आहे. त्यामुळे एका सावकाश टाइप करणाऱ्यासाठी सगळे ताटकळत नाहीत आणि भराभर टाइप करणारा प्रसंग एकट्याने ओढून नेत नाही.

जो सावकाश टाइप करतो किंवा लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करतो, त्याने ग्राफिकल गेमच्या गजबजलेल्या खानावळीत सुरुवात करू नये. तो पहिले वाक्य जुळवेपर्यंत संभाषण चार विषय पुढे गेलेले असते. याउलट ज्याला समोरचा ताबडतोब प्रतिसाद देतो यातच आनंद वाटतो, तो डिस्कॉर्डवर तीन दिवसांच्या शांततेने खट्टू होईल आणि मग ‘उत्तर कधी देणार?’ असे विचारू लागेल, जे तेथे सर्वांत नकोसे मानले जाते. डिस्कॉर्डवर विलंब हा गुन्हा नाही; न सांगता गायब होणे हा आहे. आपल्याला किती दिवसांनी लिहिता येईल हे आधी सांगावे, त्यात बदल झाला तर एका ओळीत कळवावे, आणि कथा सोडायची असेल तर पात्राला प्रसंगातून बाहेर पडण्याचे कारण देऊन सोडावी. चालू प्रसंगातून मध्येच उठावे लागले तर मड आणि गेममध्येही हेच करावे, पण तेथे दोन ओळी पुरतात.

लांबीबाबत एकच सांगायचे आहे. साधारणपणे समोरचा लिहितो तेवढेच लिहावे. डिस्कॉर्डच्या साध्या खात्यावर एका संदेशाला दोन हजार अक्षरांची मुभा असली तरी ती भरून काढण्याची सक्ती नाही, आणि ज्या उत्तरात समोरच्याला धरून पुढे जाण्याजोगे काहीच नाही, ते कितीही सुंदर असले तरी तो रोलप्ले होत नाही.

खेळाडूला ठाऊक, पात्राला नाही

खेळाडू म्हणून मिळालेली माहिती पात्राने वापरणे याला मेटागेमिंग म्हणतात. हा मोह तिन्हीकडे आहे, पण त्याचे आकर्षण सारखे नाही. रोलप्लेला वाहिलेल्या काही मडमध्ये अनोळखी माणसाचे नाव दिसतच नाही. ‘उंच, सडपातळ, गालावर व्रण असलेला माणूस’ एवढेच दिसते आणि ओळख झाल्याशिवाय नाव कळत नाही. ग्राफिकल गेममध्ये नाव डोक्यावर लटकलेले असते. पहिल्याच भेटीत परक्या माणसाला नावाने हाक मारणे ही तेथील नवख्याची हमखास खूण आहे. टोटल आरपी थ्रीसारखे ॲडऑन, म्हणजे गेमला जोडायचे छोटे प्रोग्राम, वापरणाऱ्यांना एकमेकांच्या पात्रांची माहिती वाचता येते. त्यातले दिसणे-ऐकू येणे पात्राला कळले असे मानावे, पूर्वायुष्य मानू नये. आणि ज्याला स्वतःची माहिती लिहायची आहे त्याने त्यात ‘याला पाहताच भीती वाटते’ अशी वाक्ये घालू नयेत, कारण तेही दुसऱ्याची भावना परस्पर लिहिणेच झाले.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला एक तपशील येथे सांगण्यासारखा आहे. दोन विरोधी गटांतील पात्रे समोरासमोर आली तर एकाचे बोलणे दुसऱ्याला निरर्थक अक्षरांत दिसते. खेळाडूंना एकमेकांशी बाहेरून बोलून अर्थ कळवता येतो. पण पात्रांना भाषा येत नाही हे मानून, खाणाखुणांनी प्रसंग रंगवणाऱ्यांचा रोलप्ले मला नेहमी वरच्या दर्जाचा वाटत आला आहे.

डिस्कॉर्डवर मोह सर्वांत मोठा आहे, कारण बहुतेक चॅनेल सर्वांना वाचता येतात. दोन पात्रांनी बंद खोलीत रचलेला कट चाळीस जणांनी वाचलेला असतो. येथे संयम पूर्णपणे वाचणाऱ्यावर सोपवलेला आहे, आणि ज्याला तो कठीण जातो त्याने दुसऱ्यांची चॅनेले न वाचणे श्रेयस्कर.

खेळाडू म्हणून बोलायचे झाल्यास तिन्हीकडे दुहेरी कंसाची रीत चालते. चॅटमध्ये दुहेरी कंस टाकला की पुढचे शब्द पात्राचे नाहीत हे सर्वांना कळते. ग्राफिकल गेममध्ये शक्यतो हेही टाळून खासगी संदेश वापरावा, कारण सार्वजनिक जागी कंसातल्या गप्पा लांबल्या की शेजारच्यांचा प्रसंग विस्कटतो. डिस्कॉर्डवर त्यासाठी वेगळे चॅनेलच असते, म्हणून हा प्रश्न तेथे फारसा उरत नाही.

संमती आणि न लिहिण्याच्या गोष्टी

मृत्यू, कायमचे अपंगत्व, कैद, छळ आणि प्रणय या बाबतींत नवख्याने निवड करण्याआधी नियमावली नीट वाचावी, कारण येथे तिन्ही जागांत मोठे अंतर आहे. काही मशवर खेळाडूच्या संमतीवाचून पात्र मरत नाही. काहींवर पात्राच्या कृतीचे परिणाम पात्राला भोगावेच लागतात, आणि काही मडमध्ये एकदा मेलेले पात्र पुन्हा उठत नाही, वर्षभर घडवलेले असले तरी. हे आधी ठाऊक असेल तर त्यात मोठी गोडी आहे. ठाऊक नसेल तर तो धक्का असतो. ग्राफिकल गेममध्ये पात्र यंत्रणेने मारले तरी थोड्या वेळात उठून उभे राहते, म्हणून कथेतला मृत्यू पूर्णपणे खेळाडूच्या इच्छेवर असतो आणि दुसऱ्यावर तो लादता येत नाही. डिस्कॉर्डवर हे कथा सुरू होण्यापूर्वी लिहून ठरवतात, आणि मला हीच पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते: कोणते विषय अजिबात नकोत, कोणते आले तर पडद्याआड ठेवायचे, आणि चालू प्रसंग थांबवायचा असेल तर कोणती खूण करायची.

जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेसाठी प्रचारात आणलेले एक्स-कार्ड, म्हणजे नको असलेला विषय थांबवण्यासाठी दाखवायची खूण, अनेक गटांनी ऑनलाइनही घेतले आहे. खूण आली की तो धागा तेथेच सोडायचा आणि कारण विचारायचे नाही. ‘का’ न विचारणे हा त्यातला गाभा आहे, आणि तो पाळणारा गट सापडला तर इतर उणिवांकडे दुर्लक्ष करूनही तेथे राहावे.

प्रौढ स्वरूपाचे प्रसंग प्रौढांनी, प्रौढांसाठी राखलेल्या जागेत आणि दोघांच्या स्पष्ट होकारानेच लिहावेत. समोरच्याच्या वयाबद्दल शंका असेल तर लिहूच नयेत. यात तिन्ही जागांमध्ये काहीच तडजोड नाही. पात्रांचे प्रेम जुळले म्हणून खेळाडूवर कसलाही हक्क येत नाही, आणि पात्र चिडले म्हणून खेळाडू चिडला असे धरून चालू नये. शंका आली तर खासगीत एक साधा प्रश्न विचारावा: ‘आपल्या पात्रांचे भांडण जोरात चालले आहे, तुम्हाला ठीक वाटते ना?’ या एका प्रश्नाने किती गट फुटायचे वाचत असतील याची कल्पना लांबून पाहणाऱ्याला येत नाही.

नोंदींचाही विचार करावा. मडमधले खेळाडू आपापल्या संगणकावर प्रसंग साठवतात, गेममध्ये स्क्रीनशॉट घेतात, आणि डिस्कॉर्डवर सगळे आपोआप राहते. सार्वजनिक प्रसंग इतरांना दाखवायला हरकत नसते. खासगी प्रसंग मात्र दोघांच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला दाखवू नये.

चालू प्रसंगात शिरणे

ग्राफिकल गेमचा सर्वांत मोठा गुण म्हणजे येथे ओळख नसतानाही प्रसंगात शिरता येते. चौकात किंवा खानावळीत चाललेले बोलणे सर्वांसाठी खुले मानतात. थोडे ऐकावे, एखादी लहान कृती लिहावी, प्रतिसाद आला तर पुढे जावे, आला नाही तर राग न मानता बाजूला व्हावे. बंद घरात किंवा दूरच्या कोपऱ्यात चाललेल्या प्रसंगात मात्र खासगी संदेशाने विचारून जावे. याच मोकळेपणामुळे मुद्दाम विघ्न आणणारेही येथेच जास्त भेटतात. त्यांना पात्राच्या तोंडून उत्तर देत बसू नये. दुर्लक्ष करावे, गरज पडल्यास तक्रार नोंदवावी आणि प्रसंग पुढे चालू ठेवावा. मश आणि डिस्कॉर्डच्या अनेक गटांत पात्र आधी मंजूर करून घ्यावे लागते. ही अट काहींना जाचक वाटते, परंतु तिच्यामुळे विघ्ने कमी होतात.

कोणी काय निवडावे

ज्याला नियम स्पष्ट हवे आहेत, निकालावर वाद घालायचा नाही, वाचनाची आवड आहे आणि रोज ठरावीक वेळ सलग बसता येते, त्याने मड किंवा मश निवडावे. त्यातही लढाईची यंत्रणा असलेले मड आणि संमतीवर चालणारे मश यांत फरक करावा: हरण्याची तयारी असेल तर पहिले, हळूहळू उलगडणारी पात्रे आवडत असतील तर दुसरे. येथे सुरुवातीचे काही दिवस आज्ञा शिकण्यात जातात आणि जुन्या खेळाडूंची शिस्त थोडी कडक वाटते. लिहिण्याचा हात सर्वांत जास्त येथेच घडतो असे मला वाटते, म्हणून ज्याला हा छंद दीर्घकाळ करायचा आहे त्याला मी हीच वाट सुचवीन.

ज्याला आधीपासून एखादा ग्राफिकल गेम आवडतो, जो भराभर टाइप करतो आणि अनोळखी लोकांत मिसळायला बिचकत नाही, त्याने त्याच गेममध्ये रोलप्लेचे रेल्म किंवा गट शोधावा. येथे चूक झाली तरी ती चॅटबरोबर वर सरकून जाते, हा नवख्याला मोठा दिलासा. उलट बाजू अशी की निकाल लावणारे कोणी नसल्यामुळे पड खाण्याची तयारी येथे सर्वांत जास्त लागते; ज्याला वादात शेवटचा शब्द आपलाच हवा असतो, त्याने या वाटेला जाऊ नये.

ज्याचा वेळ तुकड्यांत मिळतो, ज्याला लिहिलेले पुन्हा वाचून सुधारायला आवडते, किंवा ज्याला काही विषयांपासून स्वतःला निश्चितपणे दूर ठेवायचे आहे, त्याच्यासाठी डिस्कॉर्डवरचा लहान गट उत्तम. मोठ्या सर्व्हरपेक्षा चार-सहा जणांचा गट निवडावा, कारण येथील शिष्टाचार करारावर उभा असतो आणि करार लहान गटातच सर्वांच्या लक्षात राहतो.

निवड पक्की करण्यापूर्वी त्या ठिकाणी काही काळ नुसते वाचक म्हणून राहावे आणि दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एखाद्या नवख्याने चुकून दुसऱ्याच्या पात्राचा परिणाम लिहिला तर त्याला कसे सांगितले जाते: खासगीत आणि समजावून, की सर्वांदेखत. दुसरी, गट चालवणाऱ्यांची स्वतःची पात्रे कधी हरतात का. दोन्हींची उत्तरे चांगली असतील तर पात्राचे दोन-चार ओळींचे वर्णन लिहावे, पूर्वायुष्य थोडेच ठेवावे, आणि पहिल्या प्रसंगात एकाच माणसाशी बोलावे. एका ठिकाणी घडलेले पात्र पुढे दुसऱ्या ठिकाणी न्यायचे झाल्यास तेथील विश्वात ते बसते का हे चालवणाऱ्यांना विचारावे, आणि मागच्या कथेतील इतरांची पात्रे आपल्या पूर्वायुष्यात नावानिशी आणण्यापूर्वी त्या खेळाडूंची परवानगी घ्यावी.